पासंग

परभणीच्या कारागृहात मुलाखतीची खोली म्हणजे
जुन्या रजिस्टरांची अडगळ, एक टेबल
आणि उजवीकडे मान टाकून फिरणारा पंखा.
वीस मुद्दे. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन.
समोर मुंजाजी ढेंबरे, वय एकेचाळीस, कलम तीनशे दोन,
हात टेबलावर,
नखं स्वच्छ कापलेली.

"मॅडम, मागच्या खेपंला खोकत होतात. बरं हाय का आता?"
मी लिहिलं : वरवरचं गोड बोलणं. दोन.

सुटल्यावर पुढं काय ठरवलंय?
तो हसला. "बनी तो बनी, नही तो परभनी."
आयुष्याला दिशा नाही. दोन.

मग कौसाबाईचं विचारलं.
पाथरी रस्त्यावरची टपरी, गल्ल्यातले साडेसातशे,
पायातली जोडवी.
तो पंख्याकडे बघत राहिला.
"झालं मपल्या हातून."
जबाबदारी नाकारतो. दोन.
इथं पेन जरा जोरात टेकलं असावं,
खालच्या कागदावरही उमटलंय.

माझी बेरीज एकोणतीस.
तीच टेप ऐकून, तीच फाईल वाचून
रफअत सरांची बावीस.
एकमेकांना न विचारता गुण द्यायचे, हा नियम.
सात गुण कुठून आले?
मुंजाजी तर एकच होता.

सर मूळचे सेलूचे. टेप मागे नेत म्हणाले,
"खोकला विचारला म्हणून दोन?
आमच्या गल्लीत न विचारणाऱ्याला दोन देतील.
आणि हे 'हातून झालं'...
तुमच्या घरी कपबशी फुटते, का कुणी फोडतं?"
मी म्हटलं, कपबशी आणि कौसाबाई एक नाही.
"नाहीच," ते म्हणाले. "व्याकरण मात्र एकच आहे."

टेप पुढे सरकली.
माझाच आवाज : जोडव्यांचं काय केलंस?
"मोडली. चौदाशे आले. भाव पडला होता ना तवा."
सर बराच वेळ बोलले नाहीत.
मग स्वतःच्या एका 'एक'चा दोन केला.
मी खोकल्याचा दोन खोडून एक केला.
शून्य करायला हात धजेना.

माझे वडील मोंढ्यात मापाडी होते.
तुरीचं पोतं चढवण्याआधी
रिकामी पारडी उचलून धरायचे,
हलक्या बाजूला एखादा खडा, वाटलंच तर आणखी एक,
काटा सरळ उभा राहीस्तोवर.
अडत्ये ओरडायचे, गाड्या खोळंबल्यात.
ते म्हणायचे, "पासंग काढल्याबिगर वजन सांगणं
म्हणजे थाप मारणं."

मी एम.ए. केलं, पुण्यात प्रशिक्षण घेतलं,
प्रमाणपत्र भिंतीला आहे.
माझी पारडी रिकामी धरून कुणी बघितली नाहीत.
माझी आत्या जिंतूर नाक्यावर टपरी चालवते.
एकटी.
हे वीस मुद्द्यांत कुठंच बसत नाही.

समितीला एकच आकडा हवा होता.
आम्ही पुन्हा सगळी टेप ऐकली,
डबा तसाच राहिला,
सव्वीसवर आलो; सर म्हणाले, पंचवीसही असेल.
अहवालात मी लिहिलं,
"गुणांकनात तफावत आढळून आली."
आढळून आली.
खोडलं.
"माझ्या हातून..."
तेही खोडलं.
मी सात गुण जास्त दिले असतील,
किंवा सरांनी सात कमी,
असं साधं वाक्य लिहून खाली दोघांनी सह्या केल्या.
कारकुनानं ते पानावरून पुसून टाकलं नसेल, तर आहे अजून.

निघताना लिंबाजी हवालदारानं कुलूप लावलं,
ओढून बघितलं.
चार पावलं चालून परत आला, पुन्हा ओढलं.
"पहिल्यांदाच बसतं की," मी म्हटलं.
"बसतं," तो म्हणाला.

आतून आवाज आला,
"मॅडम, आलं टाकून चहा घेत जा."

मी वही उघडली नाही.
खोकला मात्र आला.